संडे स्कूलमध्ये वंशभेद शिकवायचा आहे: साहित्य, अनुभव आणि सल्ला हवा

नगरची_लेक (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

सर्वांना सलाम.

मी मूळची नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत मास्तर होते. गेली अकरा वर्षं आम्ही शार्लटमध्ये राहतो. घराजवळ लूथरन मंडळी आहे, तिथेच उपासनेला जातो. या वर्षी आमच्या पाळकबाईंनी दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग माझ्यावर सोपवला आहे. तेरा ते पंधरा वयाची आठ मुलं आहेत आणि त्यातली दोन आपल्याच मराठी घरांतली. चार रविवार 'वंशभेद आणि आपली मंडळी' हा विषय घ्यायचा आहे. चौथा रविवार १७ जूनच्या अगदी आधी येतो. ही तारीख का महत्त्वाची, ते पुढे लिहीनच.

चर्चच्या कपाटातून, वरच्या कार्यालयाकडून, ओळखीच्या पाळकांकडून मिळेल ते साहित्य गोळा केलं आणि जेवणाच्या टेबलावर त्याचे तीन गठ्ठे लावले. पहिला सुवार्ताप्रसाराचा: शेजाऱ्याला उपासनेला कसं बोलवायचं, नवीन माणूस दारात आला तर कोणी पुढं व्हायचं. दुसरा तरुणांसाठी: लोकप्रतिनिधीला पत्र कसं लिहायचं, सभेत कसं बोलायचं. तिसरा वंशन्यायाचा. तिन्ही मनापासून तयार केलेले आहेत, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पहिल्या गठ्ठ्यातला शेजारी कोण, त्याला याआधी आपल्या दारातून कोणी परत पाठवलं होतं का, याबद्दल एक अक्षर नाही. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या एका पुस्तिकेत येशूचं नाव शोधायला मला पानं उलटावी लागली. मुलांना हे तीन वेगळे विषय म्हणून द्यायला मन घेत नाही.

दुसरी अडचण आपल्या लोकांची. इथली मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतात. तिथं मी विषय काढला. एक काका म्हणाले, "हे गोऱ्या-काळ्यांचं भांडण. आपण मध्ये कशाला पडायचं?" मग 'रेस'ला मराठीत काय म्हणायचं यावर गाडी अडली. वंश म्हटलं की घराण्याचा वंश वाटतो. वर्ण म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं, आणि ते आठवलं की खोलीत सगळे गप्प होतात. त्या गप्प होण्याबद्दलही मला इथं बोलायचं आहे.

कोणी असा वर्ग घेतलाय का? काय उपयोगी पडलं, काय अंगाशी आलं, सांगाल का?

शांतिवन (पुणे)

धागा प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिकपणेच लिहितो, राग मानू नका ताई. तेरा वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर तीनशे-चारशे वर्षांचं पाप कशाला घालायचं? सुवार्ता नीट सांगितली तर अंतःकरण बदलतं, आणि अंतःकरण बदललं की भेदभाव आपोआप गळून पडतो. मी पंचवीस वर्षं तरुण संघात काम केलंय. जी मुलं प्रार्थनेत वाढली ती माणसाला माणूस म्हणूनच बघतात. हे नवे विषय आणले की मुलं एकमेकांकडं संशयानं बघायला लागतील अशी भीती वाटते.

नगरची_लेक

शांतिवनदादा, राग अजिबात नाही. १७ जूनबद्दल आता लिहिते, माझं उत्तर त्यातच आहे.

चार्ल्सटन आमच्यापासून गाडीनं साडेतीन तासांवर. तिथं कॅलहून रस्त्यावर 'मदर इमॅन्युएल' हे कृष्णवर्णीयांचं जुनं चर्च आहे. पांढरी इमारत, उंच मनोरा. ज्याच्या नावाचा तो रस्ता, तो कॅलहून गुलामगिरीचा कट्टर समर्थक होता. २०१५ सालच्या १७ जूनला, बुधवारी संध्याकाळी, तळमजल्यावरच्या सभागृहात बायबल अभ्यास चालू होता. मार्काचा चौथा अध्याय, पेरणाऱ्याचा दाखला: बी वाटेवर, खडकावर, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं तो. मायरा थॉम्पसन त्या दिवशी अभ्यास घेत होत्या. एक एकवीस वर्षांचा गोरा मुलगा आत आला. कोणी त्याला 'तू कोण' विचारलं नाही. पाळक क्लेमेंटा पिंकनी यांनी त्याला शेजारी बसवलं, हातात बायबल दिलं. जवळजवळ तासभर तो बसून होता. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, तेव्हा त्यानं बंदूक काढली. नऊ माणसं गेली. सर्वांत मोठ्या सूझी जॅक्सन सत्त्याऐंशी वर्षांच्या, सर्वांत लहान टायवान्झा सँडर्स सव्वीस वर्षांचा.

तो मुलगा आमच्याच लूथरन पंथाच्या एका मंडळीतला होता. बाप्तिस्मा, दृढीकरण, सगळं झालेलं. मी आता जो वर्ग घेते, तसल्याच वर्गात तो बसला होता. आणि मारले गेलेले पिंकनी आणि डॅनिएल सिमन्स हे दोघं पाळक लूथरन सेमिनरीत शिकले होते. मारणारा आमच्या वर्गातला, मेलेले दोघेही आमच्याच वर्गांतले. २०१९ पासून ई.एल.सी.ए. या आमच्या अमेरिकाभरच्या लूथरन चर्चनं १७ जून हा या नऊ जणांचा स्मरणदिन ठरवला आहे. प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत हे अख्खं चर्च ९६ टक्के गोरं निघालं होतं, हेही सांगते.

दादा, त्याला सुवार्ता सांगितली गेली नव्हती असं मी कसं म्हणू? प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, त्यानं पाठ केला असेल. वर्णद्वेष हे पाप आहे, हे त्याला कुठल्याच रविवारी कोणी स्पष्ट शब्दांत सांगितलं नसावं. ते बी आम्ही पेरलंच नाही, काटे मात्र त्याला दुसरीकडून भरपूर मिळाले. आणि खरी सुवार्ता त्या संध्याकाळी कोणी सांगितली? अनोळखी पोराला शेजारी बसवून घेणाऱ्या त्या बारा-तेरा माणसांनी. म्हणून मला तीन गठ्ठे नकोत.

ओसरी (अहिल्यानगर)

सलाम ताई. मी निवृत्त शिक्षक, तुमच्या आजोबांच्याच पठडीतला. तुमच्या काकांना माझा निरोप द्या, की आपण मध्ये पडायचा प्रश्नच नाही, आपण पहिल्यापासून मध्येच आहोत.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, ते ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे, त्याच काँग्रिगेशनल मंडळ्यांतले लोक पुढे आमिस्टाड जहाजावरच्या आफ्रिकन कैद्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८३९ साली त्या कैद्यांनी जहाज ताब्यात घेतलं, १८४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या मंडळींतूनच १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन निघाली आणि यादवी युद्धानंतर तिनं मुक्त झालेल्या गुलामांसाठी शाळा-कॉलेजं काढली. फिस्क, टालाडेगा ही त्यातलीच. इकडं नगरला त्याच बोर्डाच्या सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीरावांनी त्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, हे तर आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत आहे. एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत या. मुलांना हे सांगा, की त्यांच्या खापरपणज्याची शाळा आणि अलाबामातल्या मुक्त गुलामाची शाळा एकाच मुळावर वाढल्या.

आता दुसरी गोष्ट, जी सांगताना मला जड जातं. तुम्ही खोलीतल्या गप्प बसण्याबद्दल लिहिलंत. आपल्या मंडळ्यांमध्ये स्थळं बघताना अजून हळूच विचारतात, "पूर्वीचे कोण?" म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात कुठली. माझ्या बहिणीच्या वेळी हा प्रश्न आमच्याच ओसरीवर विचारला गेला. विचारणारा मंडळीतला वडील होता. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "पूर्वीचे पापी, आता तारलेले." स्थळ मोडलं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. बाकी त्या दिवशीचं काही आठवत नाही, कप बशीत ठेवल्याचा आवाज आठवतो.

वर सरकारदरबारी निराळंच. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातींत फक्त हिंदू धरले, १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. आमचा ख्रिस्ती दलित अजून बाहेर. गावकुसाबाहेर राहिला तो, आणि कागदावर मात्र त्याची जात गेलेली. नागपूरला मुख्यालय असलेली भारतीय राष्ट्रीय ख्रिस्ती परिषद नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी 'दलित मुक्ती रविवार' पाळायला सांगते, त्यासाठी उपासनाक्रमही काढते. ते कागद मागवा. तुमच्या अमेरिकन गठ्ठ्यांशेजारी ठेवा.

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर)

मी बौद्ध आहे. ख्रिस्ती मंडळींच्या धाग्यावर सहसा लिहीत नाही, पण ओसरी सरांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. पुण्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी ही दोन दुःखं शेजारी ठेवता आली. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य' अशी करून दिली. किंगना आधी धक्का बसला, मग विचार करून ते म्हणाले, हो, मी अस्पृश्यच आहे. पुढे आपल्या प्रवचनात त्यांनीच हे सांगितलं आहे. तुमच्या वर्गात एवढा एक प्रसंग सांगितला तरी 'हे आपलं भांडण नाही' म्हणणाऱ्याला उत्तर मिळेल.

पण ताई, एक प्रश्न स्पष्ट विचारतो. सुवार्ताप्रसार आणि न्याय एकाच गठ्ठ्यात बांधायचं म्हणता, तेव्हा माझ्यासारख्याला भीती वाटते की न्याय हे आमिष होईल. आमच्या वस्तीत पाण्यासाठी मोर्चा निघाला तेव्हा सगळ्या धर्मांचे लोक आले. त्यातल्या एका गटानं दुसऱ्या दिवशी घरोघरी पत्रकं वाटली. पुढच्या मोर्चाला माणसं कमी झाली.

नगरची_लेक

नागसेनवन, तुमचा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन हिंडले. तुमची भीती खरी आहे. आमच्या वर्गासाठी मी नियम लिहून घेतला: ज्याच्यासोबत आपण न्यायासाठी उभे राहिलो, त्याच्या हातात त्या कामाच्या ओघात उपासनेचं आमंत्रण द्यायचं नाही. त्यानं विचारलं तर सांगायचं, तेवढंच.

आणि मी 'एक गठ्ठा' म्हणते तेव्हा सुवार्ता आधी कोणी ऐकायची, तर आम्ही. मदर इमॅन्युएलच्या लोकांनी त्या मुलाला बसवून घेतलं, त्यात काही मिळवायचा हेतू नव्हता. ते मुलांना दाखवायचं आहे.

सहावी_गल्ली (न्यू जर्सी)

मी मेथडिस्ट मंडळीत तरुणांचा वर्ग आठ वर्षं घेतोय. व्यवहारातलं सांगतो, कारण चुका भरपूर केल्या आहेत.

सुरुवात आपल्याच चर्चच्या पापापासून करा. दुसऱ्याच्या केलीत तर मुलं न्यायाधीश होतात. आम्ही मुलांना फिलाडेल्फियाला नेतो. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना अ‍ॅबसालम जोन्स यांना गुडघ्यांवरून ओढून उठवलं, काळ्यांसाठी ठरवलेल्या जागी जायला सांगितलं. ते म्हणाले, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. थांबले नाहीत. मग रिचर्ड अ‍ॅलन आणि सगळे कृष्णवर्णीय सभासद उठून बाहेर पडले. त्यातूनच १७९४ साली मदर बेथेल हे चर्च उभं राहिलं, आणि १८१६ साली ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) हा वेगळा पंथच झाला. चार्ल्सटनचं इमॅन्युएल त्याच पंथाचं, हे तुम्हाला जोडून घेता येईल. आणि आम्ही मेथडिस्ट एवढ्यावर थांबलो नाही. १९३९ ते १९६८ कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी वेगळा विभागच करून ठेवला होता. १९६८ ला तो मोडला, तेव्हा चर्चला आतून जाब विचारायला धर्म आणि वंश यांवरचा आयोग नेमला. आजही त्या आयोगाचं साहित्य वापरण्याजोगं आहे. एपिस्कोपल चर्चची 'सेक्रेड ग्राउंड' ही माहितीपट आणि वाचनावर आधारलेली बैठकांची मालिका उत्तम आहे, पण ती मोठ्यांसाठी. आधी पालकांना त्यातून जाऊ द्या.

काय करू नये: गुलामगिरीचं नाटक मुलांकडून करवून घेऊ नका. पहिल्या वर्षी मी केलं. दोऱ्या बांधलेली एक मुलगी रडत बाहेर गेली आणि परत वर्गाला आली नाही. आणि वर्गात एकच कृष्णवर्णीय मूल असेल तर दर वेळी मान वळवून त्याच्याकडं बघू नका. ते शिकायला आलंय, शिकवायला नाही.

पायवाट (केपटाऊन)

नोकरीनिमित्त इथं आहे. सहावी_गल्ली यांच्याशी सहमत, म्हणून इथलं एक उदाहरण देते. डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८२९ च्या सिनडनं, म्हणजे धर्मसभेनं, ठरवलं होतं की प्रभुभोजनाला सगळे एकत्र येतील, यात फरक होणार नाही. १८५७ साली त्याच चर्चनं म्हटलं, एकत्र येणं शास्त्राप्रमाणे योग्यच, पण 'काही जणांच्या दुबळेपणामुळे' वेगळं बसवायला हरकत नाही. त्या दोन-तीन शब्दांच्या फटीतून पुढं १८८१ साली वेगळं चर्च झालं आणि वर्णद्वेषी राजवटीला धार्मिक आधारही मिळाला. त्या वेगळ्या केलेल्या चर्चनंच १९८२ साली केपटाऊनच्या बेलहार भागात विश्वासांगीकार लिहिला आणि १९८६ साली स्वीकारला. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं तो २०१६ साली आपला मानला. भाषा सोपी आहे, पंधरा वर्षांचं मूल वाचू शकतं.

'काही जणांच्या दुबळेपणामुळे' हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावाकडचं 'लोक काय म्हणतील' आठवलं.

शेवंता_०७ (डॅलस)

माझं मराठी लिखाण कच्चं आहे, सांभाळून घ्या. मी एकोणीस वर्षांची आहे. तुम्ही सगळे मोठे लोक मुलांना काय शिकवायचं ते बोलताय, म्हणून मुलांकडून सांगते.

मला इतिहास ऐकून आधी फक्त वाईट वाटायचं. वाईट वाटून काय करायचं ते कोणी सांगत नव्हतं. मग आमच्या यूथ लीडरनं ग्रीन्सबरोची गोष्ट सांगितली. १ फेब्रुवारी १९६० ला कॉलेजच्या पहिल्या वर्षाची चार मुलं वूलवर्थ दुकानाच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली. कॉफी मागितली, मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी जास्त मुलं आली. जुलैमध्ये दुकानानं नियम बदलला तेव्हा त्या काउंटरवर सगळ्यात आधी कोण जेवलं, तर तिथंच काम करणारे कृष्णवर्णीय कामगार. ते रोज तिथं काम करायचे, बसून खाता येत नव्हतं. मला ते ऐकून आजीची आठवण आली. ती दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची आणि मागच्या दारात बसून जेवायची.

नंतर आम्ही सहा जण आमच्या शहराच्या सभेत बोललो, एका वस्तीतल्या बसथांब्याबद्दल. प्रत्येकाला दोन मिनिटं. माझा कागद थरथरत होता. पण आधी चर्चमध्ये चार वेळा सराव केला होता, घड्याळ लावून. तो सराव नक्की करवून घ्या. तुम्ही शार्लटला आहात, ग्रीन्सबरो दीड तासावर आहे. तो काउंटर आणि स्टूल म्युझियममध्ये अजून जागेवर आहेत. मुलांना तिथं न्या, प्लीज.

शांतिवन

सगळे प्रतिसाद वाचले. चार्ल्सटनचं मला एवढं तपशिलात माहीत नव्हतं. ओसरी सरांच्या कपाचा आवाज मलाही ऐकू आला, कारण तो प्रश्न मीही एकदा विचारला आहे, माझ्या मुलाच्या वेळी. मुलानं दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. प्रार्थनेनं अंतःकरण बदलतं हे मी अजूनही मानतो. माझं त्या बाबतीत बदललं नव्हतं, एवढं कबूल करतो.

नगरची_लेक

पाच आठवड्यांनी परत आले. वर्ग झाला. काय घडलं ते सांगणं तुम्हा सगळ्यांचं देणं लागते.

पहिला रविवार आम्ही फक्त मार्क चारवर घालवला, वेगळं काही सांगितलं नाही. मुलांनी वाटसरूंच्या पायवाटेवरचं बी, खडकाळ जमीन, काटेरी झुडपं, सगळं चित्रांत काढलं. दुसऱ्या रविवारी तीच चित्रं भिंतीवर ठेवून सांगितलं, की त्या रात्री खोलीत हाच पाठ चालला होता. पुढे कितीतरी वेळ कोणी बोललं नाही. मग एका मुलानं विचारलं, "आमच्यासारखाच वर्ग केला होता त्यानं?" मी हो म्हटलं. त्यानं आपलं काट्यांचं चित्र भिंतीवरून काढलं, पुन्हा बसला आणि त्यात काळ्या पेन्सिलीनं आणखी काटे काढत राहिला.

तिसऱ्या रविवारी ग्रीन्सबरो. शेवंता, तुझे आभार. स्टुलांपाशी मुलं आपोआप हळू बोलायला लागली. आमच्या मराठी मुलांपैकी एकानं परतताना गाडीतूनच नगरला आजीला फोन लावला आणि विचारलं, "आजी, तुला कधी असं उठवलं होतं का?" फोन स्पीकरवर होता. आजी म्हणाली, "उठवायला आधी बसू द्यायला लागतं, बाळा. आम्हाला विहिरीच्या काठालाच येऊ देत नव्हते. वरून ओंजळीत पाणी ओतायचे." गाडीत बाकीच्या मुलांना मराठी कळत नव्हतं. त्यानं एकेक वाक्य इंग्रजी करून सांगितलं. 'ओंजळ'ला शब्द सापडेना, म्हणून दोन्ही हात जोडून दाखवले.

चौथ्या रविवारी नऊ नावं वाचली. मुलांनी ठरवलं की मारणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, फक्त त्यानं कुठल्या वर्गात दृढीकरण घेतलं ते सांगायचं. तरुणांच्या गठ्ठ्यातलं पत्रही लिहिलं, पण लोकप्रतिनिधीला नाही. आमच्याच मंडळीच्या कमिटीला. मागणी दोनच: दर वर्षी दृढीकरणाच्या वर्गात हे चार रविवार कायमचे धरा, आणि जवळच्या ए.एम.ई. मंडळीकडं आधी आपण उपासनेला जाऊ, मग त्यांना बोलवू. दुसरी मागणी लगेच मान्य झाली. पहिलीवर चर्चा चालू आहे. एका सभासदानं 'सगळ्यांना झेपेल का' असं विचारलं. पायवाट, मला तेव्हा १८५७ आठवलं, आणि मी तिथं बेलहार उभं राहून वाचून दाखवलं.

आता चारही रविवारांचे कागद मराठीत करतेय, घरगुती प्रार्थनासभेसाठी. काकांनी मागितले आहेत. ओसरी सर, दलित मुक्ती रविवारचा उपासनाक्रम मिळाला, त्यातली पापांगीकाराची प्रार्थना दुसऱ्या कागदात घेतली आहे. पहिला कागद येत्या रविवारी रात्री इथं टाकते, चुका काढा. 'रेस'साठी शब्द अजून ठरत नाही. गाडीतल्या त्या फोनवर मुलानं आजीला समजावताना 'कातडीची जात' असं म्हटलं होतं. सध्या तरी मी तेच लिहिलं आहे.